कॉलरमावशीचा रुमाल

कॉलरमावशीला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. म्हणजे थेटराबाहेर.

लाँड्रीत इस्त्री निसटून मनगटावर रुपयाएवढा फोड आला, तर ती फोडाकडे बघून म्हणायची, "झालं तुझं?" आणि पुढची कॉलर ओढायची. बाप गेला तेव्हा तिनं अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात ऐंशी कॉलरी काढल्या. त्या लाँड्रीची रीतच अशी होती. लांबलचक खोली, वाफेनं पांढरी झालेली, बारा टेबलं ओळीनं. एकीनं फक्त बाह्या करायच्या, एकीनं फक्त पाठी, एकीनं कफ. मावशी वीस वर्षं कॉलर करत होती. अख्खा शर्ट तिथं आजवर कुणीच केला नव्हता. कुणी सांगितला असता तरी जमला नसता.

तिच्या शेजारच्या टेबलावर कफवाली होती. ती उलटी. तिला कशावरूनही रडू यायचं. एखाद्या कफाचं बटण तुटलेलं दिसलं तरी म्हणायची, "बिचाऱ्याची बायको नसेल गं."

"असेल. हात दुखत असतील तिचे," मावशी म्हणायची.

अशी ही बाई रविवारी तीनच्या खेळाला थेटरात जायची आणि तिथं जी रडायची, की बघणाऱ्यानं बादली आणावी.

तेव्हाची चित्रं मुकी होती. पडद्यावर माणसं तोंड हलवायची, आवाज काही नाही, मध्येमध्ये पाटी यायची आणि खाली एक बाई पियानो बडवायची. आणि चित्रं तरी कसली! नायिका खोकायची. तीन रिळं खोकायची. मरायला टेकलेली असायची, पण केसांची एक बट जागची हलेल तर शपथ. नायक छातीवर हात ठेवून मागं झुकायचा. त्याला प्रेम झालंय की पोटात कळ आलीये, हे पाटी आल्याशिवाय कळायचं नाही. खलनायकाच्या हातात कायम कसलेतरी कागद. एवढे कागद घेऊन फिरणारा माणूस दिवसभर करतो काय, त्याला कामधंदा नाही का, असं कुणी विचारत नव्हतं. चारशे शहाणीसुरती माणसं, आठवडाभर घासाघीस करून भाजी आणणारी, तिथं अंधारात बसून नाक ओढत असायची.

मावशी काही खुळी नव्हती. तिला सगळं दिसायचं, उलट जास्तच दिसायचं. एकदा नायक सात वर्षं समुद्रात भरकटून परत आला, तेव्हा ती कफवालीच्या कानात कुजबुजली, "कॉलर बघ त्याची. आजची खळ आहे." एवढं म्हणाली आणि ढसाढसा रडली.

या रडण्यावर ते थेटर चालायचं, हे मात्र खरं. पियानोवाली म्हातारी अगदी पडद्याच्या खाली बसायची. तिथून वर बघितलं की मान धरायची आणि दिसायचं काय, तर नायकाच्या नाकपुड्या. म्हणून तिनं स्टूल आडवं केलं होतं. आडवं बसलं की चौथ्या रांगेची कडेची खुर्ची समोर यायची. तिथं मावशी. पडद्याचा उजेड बरोबर तिच्या तोंडावर. मावशीनं रुमाल काढला की पियानोवाली समजायची, आता दुःख. लगेच बोटं खाली घसरायची, संथ धून सुरू व्हायची. संथ धून सुरू झाली की सगळं थेटर रडायचं. रडणं असं पायरीपायरीनं उतरायचं: पडद्यावरून मावशीकडे, मावशीकडून पियानोवर, पियानोवरून चारशे माणसांवर. मालकाच्या हे ध्यानात आलं तेव्हा त्यानं ती खुर्ची मावशीला कायमची फुकट देऊन टाकली. या माणसानं स्वतःच्या सासूला तिकीट फाडायला लावलं होतं, यावरून काय ते ओळखा.

रुमालही साधासुधा नव्हता. पुरुषी, मोठा, लाँड्रीत चार वर्षं पडून राहिलेला, कुणी न्यायला न आलेला. मावशी तो शनिवारी इस्त्री करून डाव्या बाहीत खोचायची.

"एवढं काय आहे गं त्याच्यात?" पियानोवालीनं एकदा विचारलं. "मी पोटासाठी बसते. तू का बसतेस?"

मावशीनं जरा विचार केला. "तो तोंड हलवतो आणि आवाज येत नाही," ती म्हणाली. "असा पुरुष माझ्या नशिबी आलाच नाही."

नशिबी आला होता तो नवरा बोलायचा. उठल्यापासून झोपेपर्यंत, आणि झोपेत. जेवताना बोलायचा, दात घासताना बोलायचा, फेस उडवत. काम कुठलंच टिकायचं नाही, कारण साहेबाला काम कसं करायचं हे शिकवायला जायचा. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी त्यानं भिंतीवरचं घड्याळ काढलं, काखेत मारलं आणि म्हणाला, "ठोके चुकतायत याचे. चार वाजेपर्यंत दुरुस्त करून आणतो."

ते चार काही वाजले नाहीत.

भिंतीवर खिळा राहिला. मावशीनं त्याला चहाची गाळणी अडकवली. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचे बूट वाजले की ती उठायची. खोली एकच, पण तिची. एक पलंग, एक टेबल, एक खिडकी आणि संध्याकाळी दार लावलं की अशी शांतता, की तिला ती हातानं चाचपून बघता आली असती. गल्लीतल्या बायका हळहळायच्या, "नऊ वर्षं वाट बघतेय बिचारी." मावशी हो-ना काहीच म्हणायची नाही. खरी गोष्ट सांगितली असती तर त्यांना वाईट वाटलं असतं.

आणि मग ते चित्र लागलं. नवरा समुद्रात हरवतो, बायको खिडकीत दिवा लावून बसते, सहाव्या रिळात तो दाढी वाढवून परत येतो आणि उंबऱ्यात कोसळतो. तिसऱ्या आठवड्यालाही थेटर तुडुंब. चौथ्या रविवारी सहावं रीळ सुरू झालं. खिडकीत दिवा. दारात सावली. नायक गुडघ्यावर आला, आणि त्याच क्षणाला खुर्च्यांच्या मधल्या वाटेतून एक माणूस चालत आला, चौथ्या रांगेशी थांबला, टोपी काढली आणि धाडकन गुडघ्यावर बसला. हात छातीवर.

"मी आलोय!" तो ओरडला.

आवाज नवऱ्याचा होता. मावशीनं तो पाण्याखालूनही ओळखला असता. तिकीट फाडणाऱ्या, मालकाच्या सासूबाईंनी नंतर सांगितलं, हा गृहस्थ त्या आठवड्यात तीनदा येऊन गेला होता आणि तिन्ही वेळा सहावं रीळ संपताच उठून गेला होता. म्हणजे तालीम करून आला होता.

पण खरा घोळ झाला तो वेगळाच. मावशीची नजर पडद्यावर होती. नायक उंबऱ्यात पडला की तिचा उजवा हात डाव्या बाहीकडे जायचा, तीन आठवड्यांची सवय. इस्त्रीकडे हात जातो तसा, तिला न विचारता. आताही गेला. रुमाल बाहेर आला.

पियानोवालीनं रुमाल बघितला. संथ धून सुरू झाली. आणि चारशे माणसांनी एका सुरात गळा काढला.

"माफ केलं! केलं हो, केलं!" कुणीतरी मागून ओरडलं. सहाव्या रांगेतून कफवालीचा हंबरडा ऐकू आला. मावशी म्हणत होती, "घड्याळ कुठंय?" पण पियानोपुढं कोण ऐकतंय? शेजारच्या खुर्चीतला अनोळखी म्हातारा डोळे पुसत उठला. "बसा, जावईबापू, बसा." आणि जावईबापू बसले.

बसले ते बसलेच. खोलीवर आले, पलंगावर आडवे झाले, बुटांसकट. मावशी खाली चटईवर.

सोमवारी तिनं विचारलं, "अहो, घड्याळाचं काय झालं?"

"घड्याळ! अगं, घड्याळाची गोष्ट म्हणजे महाभारत आहे," तो म्हणाला आणि दीड तास बोलला. त्यात एक लबाड कारागीर होता, एक बोट होती, वादळ होतं, ताप होता, आणि एका दीपस्तंभाच्या म्हाताऱ्या रखवालदारानं त्याला चमच्यानं पाणी पाजलं होतं.

"चौथं," मावशी म्हणाली.

"काय चौथं?"

"काही नाही. बोला तुम्ही."

चौथ्या रिळात होता तो दीपस्तंभ. चमचासुद्धा.

त्याला हाकलायला दुसऱ्या कुणाला एक मिनिट लागलं असतं. पण चारशे साक्षीदार होते ना. गल्लीतल्या बायका एकेक करून येऊन तिचे हात दाबून गेल्या. वरचा भाडेकरू जोडप्याची झोपमोड नको म्हणून बूट हातात घेऊन उतरायला लागला आणि मावशी दोनदा कामावर उशिरा पोचली. थेटरचा मालक स्वतः आला आणि म्हणाला, पुढचे चार रविवार दोघांनी हातात हात घालून चौथ्या रांगेत बसायचं, तो दाराबाहेर तसा फलक लावतोय. नवऱ्यानं दोघांच्या वतीनं होकार दिला. लाँड्रीत कफवाली उसासे टाकत होती.

"नशीब काढलंस गं!"

"त्यानं पलंग काढून घेतला. नशिबाचं माहीत नाही."

"असं कसं बोलवतं तुला? आम्हाला माफ करायला शिकवलंस तू."

"मी? मी कधी शिकवलं?"

"दर रविवारी," कफवाली म्हणाली आणि कफाला डोळे पुसले.

मावशीची इस्त्री होती तिथंच राहिली. कॉलरीला पहिल्यांदा तांबूस डाग पडला.

गुरुवारी नवऱ्यानं दुसरी किल्ली मागून घेतली. शनिवारी त्यानं बेत सांगितला. सोमवारी रंगारी येणार, दारावर त्याचं नाव मोठ्या अक्षरात रंगवणार. घरमालकाशी बोलणं झालंय. "आणि हे चार रविवार झाले की तुझं थेटर बंद. मी घरात असताना पडद्यावरचा कशाला पाहिजे? काय असेल ते मीच सांगत जाईन."

त्या संध्याकाळी मावशी थेट पियानोवालीकडे गेली. रिकाम्या थेटरात म्हातारी पियानोवर फडकं मारत होती.

"ती धून का वाजवलीस तू?"

"तू रुमाल काढलास म्हणून."

"मी त्याच्यासाठी नव्हता काढला."

"मग?"

मावशीनं हनुवटीनं पांढऱ्या पडद्याकडे दाखवलं. पियानोवालीनं आधी पडद्याकडे बघितलं, मग हिच्याकडे, आणि मग ती इतकी हसली की कोपर पट्ट्यांवर पडून पियानो भेसूर बोंबलला.

"हसू नकोस. खोली जातेय माझी. सोमवारी दारावर त्याचं नाव लागलं की संपलं. मग मीच त्याच्या घरात."

"अगं, मग उद्या रुमाल काढू नकोस. लोकांना दिसू दे. रुमाल नाही, माफी नाही."

"हात ऐकत नाही ना माझा! तो उंबऱ्यात पडला की जातोच."

"घरी ठेवून ये रुमाल."

"बाहीनं पुसेन. तू तेवढ्यावरही वाजवशील."

"वाजवेन," म्हातारीनं कबूल केलं. "मला मानेचा त्रास आहे. मी तुझ्यावरच चालते. मग हातावर बस बाई, दुसरं काय सांगू!"

रविवारी थेटरात मुंगी शिरायला जागा नव्हती. नवऱ्यानं मावशीकडून शर्टाला इस्त्री करून घेतली होती. मावशीनं कॉलर केली, आरशासारखी. बाकीचा शर्ट तसाच चुरगळलेला, कारण ते तिचं काम नव्हतं. गळ्याशी तो साहेब दिसत होता आणि गळ्याखाली गाठोडं.

चित्र सुरू झालं आणि हा सुरू झाला. प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायचा. पाटी नसेल तिथं स्वतःची घालायचा. "आता बघ, वादळ येणार. आलं की नाही? आता मस्तूल मोडणार." मुक्या चित्रात बोलणारा नवरा! मागच्या रांगेतून एकदा शुक् आलं. त्यानं वळून हसून हात हलवला. त्याला वाटलं, लोक ओळख देतायत.

सहावं रीळ. मावशी दोन्ही हातांवर बसली. पूर्ण वजन टाकून.

खिडकीत दिवा आला. दारात सावली आली. पियानोवालीची नजर चौथ्या रांगेवर, आणि बोटांखाली अजून मागच्या प्रसंगातली खलाशांच्या नाचाची धून, टुणुक टुणुक. नायक गुडघ्यावर आला. मावशीच्या हातांना मुंग्या आल्या. उजवा तर तिच्या मांडीखाली कोंबडीसारखा फडफडत होता. ती दात खाऊन बसून राहिली. नायक उंबऱ्यात कोसळला, टुणुक टुणुक. नायिकेनं कपाळाला हात लावला, टुणुक टुणुक. कुणीतरी फिसकन हसलं. त्याच्या शेजारचा हसला. हसू रांगा ओलांडत मागं जायला लागलं.

"रुमाल काढ," नवरा पुटपुटला.

मावशी हातांवर आणखी दाबून बसली.

"अगं, रुमाल! लोक बघतायत."

ती हलली नाही, तेव्हा त्याला वाटलं आता आपणच प्रसंग सावरावा. तो वाटेत उभा राहिला, हात छातीवर ठेवला आणि लोकांकडे वळला. त्याच्या डोक्याची ही मोठी सावली जाऊन पडली बरोबर नायकाच्या तोंडावर.

"मित्रहो! नऊ वर्षं! वादळात सापडलो, तापानं फणफणलो, एका दीपस्तंभाच्या म्हाताऱ्यानं मला चमच्यानं—"

"अहो, हे तर चौथं रीळ!" कफवाली ओरडली. चार आठवडे रडून तिला चित्र तोंडपाठ झालं होतं. तिच्या आवाजात असा धक्का होता, जणू नायकाच्याच घरी चोरी झाली होती.

पियानोवालीनं दोन्ही हात वर उचलले. पियानो थांबला. त्या थेटरात चित्र चालू असताना पहिल्यांदाच टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता झाली.

"घड्याळ कुठंय?" मावशी म्हणाली.

"कुठलं घड्याळ?" तो म्हणाला. सोमवारी दीड तास बोलला होता त्यावर. आता आठवतही नव्हतं.

"भिंतीवरचं. चार वाजेपर्यंत आणतो म्हणालात."

"वाजून गेले हो, काका!" मागून कुणीतरी ओरडलं आणि थेटरात हशा फुटला.

"अगं, इथं जिवंत माणूस परत आलाय आणि तू घड्याळ घड्याळ काय करतेस?"

"किल्ली द्या," मावशी म्हणाली. हात मोकळा करायची तिला भीती होती, म्हणून तिनं नुसती मान पुढं केली. "इथं मांडीवर ठेवा. घड्याळ घेऊन या, मग बघू."

तो लोकांकडे बघत राहिला. गेल्या रविवारी हीच माणसं त्याच्यासाठी रडली होती. आता सगळे माना वाकड्या करून त्याच्या पलीकडे बघत होते, कारण पडद्यावर मिठीची वेळ झाली होती आणि नायकाला डोकं नव्हतं.

"बसा खाली!"

"अहो, दिसत नाहीये!"

गेल्या रविवारी ज्यानं खुर्ची दिली होती तो म्हाताराच सगळ्यांत जोरात ओरडत होता. जावईबापू वगैरे काही नाही, सरळ "ए!"

किल्ली मांडीवर पडली.

"आता बाजूला हो," मावशी म्हणाली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याला अरे-तुरे केलं. "त्याचं तोंड दिसत नाहीये मला."

तो गेला. मालकाच्या सासूबाई सांगतात, दारापर्यंत हात छातीवरच होता. काढायचं विसरला असावा, किंवा कुणी मागून हाक मारेल म्हणून ठेवला असावा. कुणी मारली नाही. सगळे मिठी बघत होते.

मावशीनं बधिर झालेले हात बाहेर काढले, झटकले. मग उजवा हात डाव्या बाहीत गेला. रुमाल आला. पियानोवाली पट्ट्यांवर अशी कोसळली, की जणू तिचाच नवरा उंबऱ्यात पडलाय. आणि चारशे माणसं अशी रडली की मालकाचा जीव भांड्यात पडला. तोवर तो कपाळ धरून दाराशी उभा होता, बाहेर लावलेल्या फलकाचं काय करायचं या चिंतेत.

सोमवारी रंगारी आला. मावशी म्हणाली, "आलाच आहेस तर खिडकी रंगव." नवऱ्याच्या दोन-चार वस्तू तिनं जिन्यात ठेवल्या होत्या, त्या त्याच दुपारी गेल्या. वरचा भाडेकरू पुन्हा बूट घालून उतरायला लागला. लाँड्रीत कफवाली तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "मेल्यानं चमचासुद्धा बदलला नाही गं."

पुढच्या रविवारी खेळ सुटल्यावर पियानोवालीनं मान चोळत विचारलं, "खरं सांग. तो खरा आला तेव्हा डोळ्यांत टिपूस नाही. आणि या खोट्यासाठी एवढं?"

मावशी ओला रुमाल घडी घालत होती, चार कोपरे बरोबर जुळवून.

"अगं, बिचारा आठवड्यातून सहा वेळा परत येतो," ती म्हणाली. "आणि एकदाही जेवायला काय केलंय विचारत नाही."